भीड : वऱ्हाडच्या वाङ्मयातील एका वृत्तीचा विचार

मराठीत लाज, संकोच, विनय आणि भीड हे चार शब्द पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. परंतु त्यांचे अर्थ एक नव्हेत. लाज ही देहाला येते, संकोच मनाला होतो, विनय अभ्यासाने येतो. भीड मात्र एकट्या माणसाची नसतेच. ती कोणाची तरी, कोणाला तरी असते. या शब्दाभोवती भाषेने जे वाक्प्रचार उभे केले आहेत ते पाहिले म्हणजे ही गोष्ट स्पष्ट होते. भीड पडते, तशी ती घालताही येते. भीड मोडते, चेपते, आणि विशेष म्हणजे ती एखाद्या शिल्लक रकमेसारखी खर्चही करता येते. जो भीड घालतो त्याला आपले वजन ठाऊक असते. ज्याला ती पडते त्याला ते वजन नाकारण्याचे शब्द सापडत नाहीत. हिंदीत याच रूपाचा शब्द गर्दी या अर्थाने चालतो आणि वऱ्हाडच्या बाजारपेठांतून दोन्ही अर्थ रोज कानी पडतात. व्युत्पत्तीच्या वादात न शिरताही एवढे म्हणता येईल, की मराठी भीड म्हणजे मनात येऊन बसलेली हिंदी भीडच होय. ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण या मनोवृत्तीचा हिशेब व्यवहाराच्या बाजूने मांडते. भिडस्त माणूस जामीन राहतो, ऋण काढून लग्न करतो, पटत नसता होकार देतो आणि मग निस्तरीत बसतो.

लेखक आणि कलावंत यांच्या संबंधाने मात्र ही म्हण पुरी पडत नाही. ज्या वृत्तीमुळे माणूस सभेत गप्प बसतो, तीच वृत्ती त्याला कागदाकडे वळविते असा अनुभव आहे. तेव्हा भीड ही निर्णय बिघडविणारी वृत्ती मानावयाची की वाङ्मय घडविणारी, हा प्रश्न उरतो. अमरावती, अकोला आणि त्यांना लागून असलेल्या वऱ्हाडच्या मुलखात या प्रश्नाची सामग्री इतकी विपुल आहे, की ती आजवर एकत्र पाहिली गेली नाही याचेच नवल वाटावे.

प्रारंभ कौंडिण्यपुरापासून करणे योग्य होईल. अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी असलेले हे गाव परंपरेने भीष्मकाची राजधानी व रुक्मिणीचे माहेर मानले आहे. भागवताच्या दशम स्कंधातील ही कथा प्रणयकथा म्हणून वाचली जाते. ती निर्णयाची कथा म्हणूनही वाचता येते. भीष्मकाच्या घरच्यांना कृष्ण वर म्हणून मान्य होता. विरोध एकट्या रुक्मीचा होता. तरीही राजाने पुत्राच्या आग्रहापुढे मान तुकविली आणि शिशुपालाशी लग्न ठरविले. ज्याच्या हाती सर्व सत्ता त्यालाच घरातील एका उद्दाम आवाजाची भीड पडावी, आणि त्या भिडेपोटी स्वतःला न पटणारा निर्णय त्याने नगर शृंगारून साजरा करावा, ही घटना आजच्या कोणत्याही खटल्याच्या घरात घडू शकेल अशी आहे. चुकीचा निर्णय नेहमी अज्ञानातून होतो असे समजणाऱ्यांनी भीष्मकाकडे पाहावे. त्याला योग्य काय ते कळत होते. त्याच्याजवळ नव्हती ती नाही म्हणण्याची वाचा.

याच घरात ज्या व्यक्तीला बोलण्याचा अधिकारच नव्हता तिने पत्र लिहिले. सात श्लोकांची ती पत्रिका घेऊन एक ब्राह्मण द्वारकेस गेला. पत्रिकेच्या पहिल्याच श्लोकात आपल्या चित्ताने लज्जा सोडली असल्याची कबुली रुक्मिणी देते. परंतु पुढे जे येते ते केवळ भावनेचे उद्गार नव्हेत. अंतःपुरातून कन्या न्यावयाची तर आप्तांचा वध ओढवेल ही अडचण ती स्वतःच उपस्थित करते. विवाहाच्या आदल्या दिवशी नगराबाहेरच्या देवीच्या दर्शनास वधू जाते हा कुलाचार सांगते आणि हरणाची जागा व वेळ दोन्ही सुचविते. अमरावतीची अंबादेवी ती हीच, अशी स्थानिक श्रद्धा आहे. तोंडाने एक अक्षर बोलू न शकणारी ही मुलगी कागदावर किती नेमका विचार करते! दरबारात बसलेल्यांपैकी कोणीही इतका सांगोपांग विचार केलेला दिसत नाही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांचे प्रयोग येथे आठवतात. १९५१ पासून प्रसिद्ध होत गेलेल्या या प्रयोगांत डोळ्यांना सरळ दिसणाऱ्या रेघांची लांबी ओळखावयाची असे; परंतु खोलीतील इतर सर्वांनी, आधी ठरवून, चुकीचे उत्तर दिले म्हणजे शेवटी बसलेला माणूसही पुष्कळदा तेच उत्तर देई. अशा फेऱ्यांतील एकतृतीयांशाहून थोडी अधिक उत्तरे समूहाच्या बाजूने गेली. याच प्रयोगाचे दोन प्रकार मराठी वाचकाने विशेष ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. समूहात एक जरी माणूस खरे बोलणारा निघाला तरी चुकांचे प्रमाण मोठ्या प्रमाणात घटे; आणि उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर लिहू दिले तर समूहाचा दाब बराच ओसरे. कौंडिण्यपुरातील पत्रिकेचे मर्म या दुसऱ्या प्रकारात आहे. लेखन ही भिडेने घेतलेली सुट्टी होय.

या कथेवर मराठीत पहिले मोठे काव्य रचणारा नरेंद्र, याच्याविषयी ‘स्मृतिस्थळा’त जी हकीकत येते ती या विषयाला विलक्षण पूरक आहे. रामदेवराव यादवाने ‘रुक्मिणीस्वयंवर’ ऐकले आणि ते आपल्या नावावर करून देण्याबद्दल ओवीमागे सुवर्णनाण्याचे मोल देऊ केले. कविकुळाला दूषण लागेल असे म्हणून नरेंद्राने ते नाकारले, आणि पुढे तो महानुभाव पंथात गेला. ग्रंथ मात्र राजाकडे राहिला. आज उपलब्ध आहे तो भाग स्मरणातून उतरविलेला होय असे परंपरा सांगते. भीष्मकाला पुत्राची भीड मोडता आली नाही. त्याच्याच कन्येची कथा सांगणाऱ्या कवीने राजाची भीड मोडली. त्याची किंमत त्याला निम्म्या काव्याने द्यावी लागली. भीड मोडणे फुकट होत नाही, ही गोष्ट म्हणीत आलेली नाही.

कौंडिण्यपुराहून ऋद्धिपूर फार दूर नाही. तेथे गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात महदाइसेने ‘धवळे’ रचले. गोविंदप्रभूंना स्वतःच्या विवाहाची लहर आली, भक्तांनी त्या लीळेची सिद्धता केली आणि महदाइसेला वरगीते म्हणण्यास सांगण्यात आले, असा या रचनेचा प्रसंग चरित्रग्रंथांत आहे. मराठीतील आद्य कवयित्री म्हणून जिचा गौरव होतो तिची रचना अशी आज्ञेने, आयत्या वेळी आणि लोकांसमक्ष झाली. ‘लीळाचरित्रा’त महदाइसा चक्रधरांना सतत प्रश्न विचारताना भेटते, ती मुखदुर्बळ खचित नव्हती. तथापि प्रश्न विचारणे वेगळे आणि मंडपात उभे राहून गाणे वेगळे. तिला साहाय्य झाले ते धवळे या प्रकाराचेच. लग्नातील हे गाणे बायका मिळून म्हणतात. ते कोणी रचले असे कोणी विचारीत नाही. व्यक्तीने पुढे यावयाचे, परंतु परंपरेच्या पदराआडून यावयाचे, अशी ही सोय आहे. ओवी, भोंडल्याची गाणी, जात्यावरची गाणी यांच्यातही स्त्रियांच्या भिडेला भाषेने असाच आडोसा दिला. ‘धवळ्यां’चा उत्तरार्ध नंतर इतरांच्या विनंतीवरून रचला गेला, आणि तो पूर्वार्धाइतका उत्स्फूर्त वाटत नाही असे जे वाचकांना जाणवते त्याचे कारणही कदाचित येथे शोधता येईल. आडोसा तोच होता, पण मंडप उठला होता.

(महानुभावांची सकळ लिपी हा दडून राहण्याचा आणखी एक प्रकार, पण ती पंथाची सावधगिरी होती. तिला भीड म्हणता येणार नाही.)

आधुनिक काळात येताच या प्रश्नाला वेगळी धार येते, कारण छापखाना, ध्वनिमुद्रिका आणि संमेलन यांनी लेखकाला नावानिशी पुढे ओढले. वऱ्हाडात याची दोन टोके दाखविणारी जोडी सुदैवाने जवळजवळ समवयस्क आहे. १९०८ साली जन्मलेले भाऊसाहेब पाटणकर आणि १९०९ साली जन्मलेले ना. घ. देशपांडे. दोघेही वकील, पाटणकर यवतमाळला, देशपांडे बुलढाणा जिल्ह्यातील मेहकरला. वकिली हा चारचौघांत बोलण्याचाच व्यवसाय. तेव्हा ना. घं.ची प्रसिद्धिपराङ्मुखता जिभेच्या दुर्बळतेतून आली असे म्हणण्यास जागा राहत नाही. पक्षकाराच्या वतीने न्यायालयात बोलणारा माणूस स्वतःच्या वतीने बोलण्यास कचरतो. संकोच आवाजाचा नसून ‘मी’चा आहे, हा या उदाहरणातून निघणारा पहिला निष्कर्ष होय.

‘शीळ’ ही त्यांची कविता जी. एन्. जोशी यांच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाली आणि १९३० नंतरच्या दशकात घरोघर पोहोचली. मराठी भावगीताच्या इतिहासात त्या ध्वनिमुद्रिकेचा उल्लेख प्रारंभीच करावा लागतो. पण त्याच नावाचा कवितासंग्रह निघाला तो १९५४ साली. गाणे सर्वांना पाठ आणि कवी कोणालाच ठाऊक नाही, अशी स्थिती दोन दशके राहिली. पुढे ‘अभिसार’ १९६३ साली आणि ‘खूणगाठी’ १९८५ साली आले. ‘खूणगाठी’ला साहित्य अकादमीचे पारितोषिक १९८६ साली मिळाले. मेहकर सुटले नाही.

हा निर्णय चुकला काय? वाङ्मयाच्या इतिहासकाराच्या दृष्टीने चुकला असे म्हणावे लागते. रविकिरण मंडळानंतरच्या प्रेमकवितेचा नकाशा ज्या वर्षांत आखला गेला त्या वर्षांत ना. घं.चा संग्रह हाती नव्हता. पुण्यामुंबईच्या टीकेने त्यांना जी जागा दिली ती उशिरा आलेल्याला मिळते तशी मिळाली. परंतु कवितेच्या दृष्टीने पाहिले तर उत्तर इतके सरळ राहत नाही. ‘शीळ’मध्ये बोलणारी स्त्री आहे. शीळ रानातून येते. ती घालणारा समोर येत नाही. त्याच्या थोर कुळाची जाणीव तिला आहे, आणि ती जाणीव म्हणजेच दोघांमधले अंतर आहे. येथे भीड हा कवितेचा विषय आहे आणि रचनाही तीच आहे. स्वर पोहोचतो, माणूस मागे राहतो. कवीच्या आयुष्याने पुढे हीच आकृती गिरविली. कॅनडाचे पियानोवादक ग्लेन गूल्ड यांनी १९६४ साली सभागृहातील वादन कायमचे सोडून केवळ ध्वनिमुद्रणाचा मार्ग धरला. त्यांच्या कलेचे त्यामुळे नुकसान झाले असे कोणी म्हणत नाही. यंत्राने भिडस्त कलावंताला दिलेली ही सवलत ना. घं.ना, कदाचित न मागता, तीस वर्षे आधी मिळाली होती.

भाऊसाहेब पाटणकरांची गोष्ट याच्या उलट. त्यांची मराठी शायरी मैफलीसाठीच जन्मली. त्यांच्या चार ओळींपैकी पहिल्या तीन श्रोत्याला एका दिशेने नेतात आणि चौथी त्याला अवचित वळविते. या वळणावर समोरून दाद यावी लागते. ती आली नाही तर रचना अपुरी राहते. म्हणजे श्रोता हा येथे कवितेच्या बांधणीचा घटक आहे. शिकारीचा शौक असलेल्या या कवीला दबा धरणे आणि नेमक्या क्षणी झेप घेणे ही कला दोन क्षेत्रांत साधली होती, असे गमतीने म्हणण्याचा मोह होतो. प्रेम, मद्य आणि मृत्यू यांवर मराठी मध्यमवर्गीय सभेत असे मोकळेपणाने बोलावे आणि सभ्य श्रोत्यांनी ते खळखळून ऐकावे, हे सामर्थ्य मोठे आहे. पण मैफलीने दिले तसे काही घेतलेही. ज्या ओळीला काल दाद मिळाली तिच्यासारखी ओळ आज लिहावी असा मोह मैफलीच्या कवीला सतत असतो. पाटणकरांच्या संग्रहांतील काही शेर एकमेकांचे जुळे भाऊ वाटतात ते यामुळे. अमरावतीत १९३२ साली जन्मलेल्या सुरेश भटांनीही गझल सभेपुढे नेली. परंतु त्यांनी दादेच्या आधी वृत्ताच्या शिस्तीला उत्तर दिले, म्हणून तो धोका पुष्कळसा टळला. भीड नसलेल्या कवीला कोणता तरी दुसरा धाक लागतो.

आतापर्यंतची उदाहरणे लेखणीची झाली. भीड या वृत्तीवरच ज्याने आपल्या वाणीचा सर्व रोख धरला तो पुरुष लेखक नव्हता. त्याला लिहितावाचताही येत नव्हते. अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे १८७६ साली जन्मलेले डेबूजी झिंगराजी जाणोरकर, म्हणजे गाडगेबाबा, यांचे बालपण मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामाच्या घरी गेले. वडिलांचे घर दारूने बुडाले आणि मामांची शेती सावकाराच्या कर्जात अडकली. दोन्ही ठिकाणी निर्णय चुकले ते अडाणीपणामुळे, असे म्हणून चरित्रकार पुढे जातात. दारू ही जातीच्या जेवणावळीत न पिणाऱ्याला नाक मुरडण्याची रीत होती आणि सावकारासमोर कागद वाचून दाखवा असे म्हणण्याची कोणाची छाती नव्हती, हे ध्यानात घेतले म्हणजे अडाणीपणाच्या जोडीला काय होते ते कळते. डेबूजींनी आपल्या मुलीच्या बारशाला मद्यमांसाची पंगत न देता गोडाचे जेवण घातले, हा त्यांच्या चरित्रातील प्रसंग म्हणूनच लहान नाही. १९०५ साली त्यांनी घर सोडले. त्यापूर्वीच भिडेचे घर त्यांनी सोडले होते.

त्यांच्या कीर्तनाचा विचार नाट्यप्रयोग म्हणून अजून पुरेसा झालेला नाही. पूर्वरंग, आख्यान, संस्कृत वचने, साजसंगीत यांपैकी नारदीय कीर्तनाचे काहीच तेथे नव्हते. प्रश्न होते. प्रश्न अगदी साधे असत, उत्तर श्रोत्यांनीच द्यावयाचे असे, आणि ते येईपर्यंत बाबा थांबत. ऋण काढून लग्न करावे काय, देवाला बकरे लागते काय, मुलाला शाळेत घालावे की ताट विकावे, अशा विषयांवर हजारोंचा जमाव एकमुखाने बोले. अ‍ॅश यांच्या प्रयोगातील खरे बोलणारा तो एक माणूस येथे आढळतो. मात्र हा माणूस एका कोपऱ्यात बसलेला नसून डोक्यावर गाडगे घालून मध्यभागी उभा आहे. एरवी ‘लोक काय म्हणतील’ या भीतीने दबलेला शेतकरी स्वतःच्या कानांनी ऐके, की लोक तर आपल्यासारखेच म्हणत आहेत. भीड मोडण्याची याहून सोपी रीत मराठी रंगभूमीने दाखविलेली नाही.

तरीही टीकेने येथे थांबू नये. एकमुखाने आलेला होकारही भिडेचा असू शकतो. मंडपात बाबांची भीड, घरी गेल्यावर भावकीची. पहिली दोन तास टिके आणि दुसरी जन्मभर. कीर्तन ऐकून परतलेल्या श्रोत्याने पुढच्या लग्नात ऋण काढले की नाही याचा हिशेब मंडपातील घोषावरून लागत नाही. बाबांना स्वतःला ही शंका असावी असे त्यांच्या वर्तनावरून वाटते. ते पायावर डोके ठेवू देत नसत, हार घेत नसत, आणि कीर्तन संपताच गावातून निघून जात. हा विनय होता असे सर्वसाधारणपणे म्हटले जाते. त्यापेक्षा असे म्हणणे अधिक योग्य, की एकाची भीड मोडून तेथे आपली भीड बसू नये अशी ती दक्षता होती. प्रबोधनकार ठाकरे यांचे १९५२ सालचे चरित्र आणि बालपणी गाडगेबाबांच्या सहवासात राहिलेल्या गो. नी. दांडेकरांचे लेखन यांतील बाबा एकत्र ठेवून वाचले, तर निघून जाणारी ही पाठ दोघांनीही पाहिलेली आढळते. १९५६ च्या डिसेंबरात अमरावतीजवळ वाटेतच त्यांचा अंत झाला.

एवढ्यावरून वऱ्हाडातील प्रत्येक शोकांतिका भिडेच्या खात्यावर मांडता येईल असे मात्र नाही. उद्धव शेळके यांची ‘धग’ ही १९६० सालची कादंबरी त्या मोहाला आळा घालते. कौतिक भिडस्त नाही. ती मानी आहे, कष्टाळू आहे, तोंडावर बोलणारी आहे. तिचा नवरा महादेव आळशी आणि निष्क्रिय आहे. घर उभे करण्यासाठी ती एकामागून एक निर्णय घेते आणि अखेर तिचे मनच कोसळते. वाचकाला मागे वळून पाहताना तिचे काही निर्णय चुकलेले दिसतात. पण त्या त्या वेळी तिच्यापुढे दुसरा कोणता मार्ग होता, असे विचारले तर पुस्तक उत्तर देत नाही, कारण उत्तर नाही. दारिद्र्यात चुकीचा आणि बरोबर असे दोन निर्णय समोर नसतात. एक आज मोडणारा आणि एक उद्या मोडणारा, एवढाच भेद असतो. शेळक्यांनी वऱ्हाडी बोलीतील संवादांचा जो निःसंकोच वापर केला त्याकडे मात्र या लेखाच्या दृष्टीने पाहिले पाहिजे. घरात बोलावयाची आणि पाहुण्यासमोर गिळावयाची अशी ही बोली. शाळेच्या पहिल्या दिवशी मुलाला तिची लाज वाटू लागते. ती अनुवाद न करता, खाली अर्थ न देता छापणे म्हणजे कौतिकने नव्हे तर तिच्या लेखकाने मोडलेली भीड होय.

राहता राहिली ती टीकाकाराची भीड. अकोल्यास १९१२ साली हरिभाऊ आपटे यांच्या आणि १९८१ साली गो. नी. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले. अमरावतीस १९८९ साली के. ज. पुरोहित अध्यक्ष होते. संमेलने येतात आणि जातात, पण जिल्ह्याच्या गावचे वाङ्मयीन जीवन त्यांवर चालत नाही. ते चालते प्रकाशन समारंभ, प्रस्तावना, अभिप्राय आणि सत्कार यांवर. येथे कवी, समीक्षक, प्राध्यापक आणि परीक्षक एकाच रस्त्यावर सायंकाळी भेटतात. पुष्कळदा ते एकच गृहस्थ असतात. संग्रह हाती ठेवून कोणी प्रस्तावना मागितली तर नाही म्हणावयाचे कसे? मग ‘आश्वासक’, ‘जीवनानुभवाशी प्रामाणिक’, ‘मातीशी नाते सांगणारी’ अशी विशेषणे निघतात, आणि ती इतकी सर्वत्र लावता येतात की त्यांवरून पुस्तक ओळखता येत नाही. यात कोणाचे नाव घेण्याचे कारण नाही. प्रथा कोणा एकाची नसते. पण परिणाम गंभीर आहे. पहिल्या पुस्तकाला खरे उत्तर न मिळालेला तरुण कवी दुसरे पुस्तक तसेच काढतो, पदरमोड करून काढतो, आणि तिसऱ्या पुस्तकाच्या वेळी कोणी खरे बोललेच तर त्यात त्याला द्वेष दिसतो. चुकलेला निर्णय त्याचा असतो. त्या निर्णयाला लागलेली भीड इतरांची असते.

पदव्युत्तर प्रबंधांतही ही गोष्ट दिसून येते. जिवंत स्थानिक लेखकावर प्रबंध लिहिणारा विद्यार्थी त्याच्या घरी चहा घेतो, हस्तलिखिते पाहावयास मागतो आणि मग मर्यादांचे प्रकरण अर्ध्या पानात आटोपतो. ते अर्धे पानही बहुधा मुद्रणदोषांविषयी असते. या ठिकाणी ऋद्धिपूरच्या मंडपाऐवजी कौंडिण्यपुरातील पत्रिका अधिक उपयोगी पडावी. तोंडावर जे बोलता येत नाही ते कागदावर, स्थळवेळेसह आणि आप्तांचा वध न होईल अशा बेताने लिहिता येते, आणि त्यासाठी मर्यादांचे प्रकरण अर्ध्या पानाचे असून भागणार नाही.